३४ आठवडे पूर्ण झालेत, झोप उडालीये आणि प्रत्येक दुखण्याची भीती वाटते. तुमचं काय झालं होतं सांगा ना

कूसबदल:

नमस्कार सगळ्यांना. आत्ता रात्रीचे पावणेतीन वाजलेत, नवरा शेजारी गाढ झोपलाय आणि मी तिसऱ्यांदा बाथरूमला जाऊन आले, म्हटलं नुसतं छताकडे बघत पडण्यापेक्षा लिहितेच. मला ३४ आठवडे पूर्ण झालेत, पहिलंच आहे. सातव्या महिन्यापर्यंत इतकं छान चाललं होतं की सगळे मला तुला काही त्रासच नाही बाई म्हणायचे, आणि आता गेले तीन आठवडे मला माझं शरीर ओळखूच येत नाहीये. कूस बदलायची म्हणजे आधी पोट हाताने धरायचं, मग गुडघे वळवायचे, मग कंबर, आणि मध्येच जांघेत अशी कळ येते की श्वास अडकतो. डावीकडून उजवीकडे वळायला अख्खं मिनिट जातं. वर छातीत जळजळ, पहाटे पोटरीत गोळा, सकाळी उठल्यावर उजव्या हाताची बोटं इतकी बधिर की टूथब्रश हातातून निसटतो.

हे झालं अंगाचं, डोक्यात वेगळंच चालू असतं. जाग आली की पहिला विचार, बाळ हललं का. वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला आहे असं सोनोग्राफीत आलंय त्यामुळे लाथा मला पहिल्यापासून जरा दबक्याच जाणवतात, मग पोटावर हात ठेवून वाट बघत राहते, हललं की हायसं वाटतं आणि पाच मिनिटांत पुढची काळजी सुरू. परवा डोळे उघडले तर मी उताणी झोपलेली, कुठेतरी वाचलं होतं की पाठीवर झोपायचं नाही, मी एवढी घाबरले की रडायलाच लागले. कळा सहन होतील का, वेळेवर पोचू का, मला काही झालं तर बाळाचं काय, सगळं एकामागून एक येतं.

घरी बोलले की सगळे प्रेमानेच सांगतात, अगं होतंच असं, सगळ्यांनाच होतं. खरंही असेल, पण त्यानंतर मी गप्प बसते एवढंच, आतली धाकधूक तशीच राहते. डॉक्टरांकडे दर दोन आठवड्यांनी जाते, बीपी, वजन, बाळाचे ठोके सगळं नीट निघतं, पाच मिनिटांत बाहेर, आणि विचारायचं ते सगळं विसरलेलं असतं. मला नेमकं हेच उमगत नाहीये की यातलं काय सोसायचं आणि कशासाठी लगेच फोन करायचा. ज्या यातून गेल्यात किंवा आत्ता जाताय त्यांनी प्लीज लिहा, दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

दुसरीखेप:

अगं मी पण जागीच आहे! मला ३७ आठवडे झालेत, दुसरं आहे, आणि तुझं कूस बदलायचं वर्णन वाचून वाटलं मीच लिहिलंय. जांघेतल्या कळेबद्दल आधी सांगते कारण पहिल्या वेळी मी ती दोन महिने मुकाट्याने सहन केली आणि आता वाटतं कशाला केली. पुढे ओटीपोटाच्या खाली दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा आणि मागचे कंबरेजवळचे सांधे या दिवसांत सैल पडतात आणि एक पाय दुसऱ्यापासून लांब गेला की तिथे ताण येतो. म्हणून वळताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून ठेवायचे, जणू एकच पाय आहे असं समजायचं, आणि गुडघे खांदे सगळं एकदम फिरवायचं. मी गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घट्ट धरते आणि उशीसकट वळते, पहिल्याच रात्री फरक पडला. पायजमा उभ्याने एका पायावर तोल सांभाळत घालू नकोस, बसून घाल. जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढ. गाडीत बसताना आधी बूड टेकव आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घे. आणि डॉक्टरांना चालताना दुखतं असं मोघम सांगू नकोस, बोट ठेवून दाखव इथे दुखतं म्हणून, मग ते फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात, माझं तसंच झालं.

पोटरीत गोळा आला की पाय ताणून पुढे टोक करायचं नाही, त्याने अजून घट्ट होतो. टाच पुढे ढकलायची आणि पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, पोटामुळे हात पोचत नाही तेव्हा मी उठून भिंतीला हात टेकते आणि टाच जमिनीवर दाबून उभी राहते, अर्ध्या मिनिटात सुटतो. जळजळीचं असं की या काळातल्या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू ढिला पडतो आणि वरून पोटाचा दाब, त्यामुळे जेवण आणि झोप यात दोन तीन तास ठेव, डोक्याकडची बाजू उंच कर, आणि तरी जळत असेल तर या दिवसांत चालणारं औषध डॉक्टर देतात, नुसतं सोसायची गरज नाही. बोटं बधिर होतात ती मनगटात सूज येऊन नस दाबली गेल्यामुळे, रात्री मनगट दुमडून झोपलं की वाढतं, मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो तो झोपताना लाव. माझं पहिल्या वेळी बाळंतपणानंतर काही आठवड्यांत गेलं.

पाठीवर झोपायचं म्हणशील तर त्यासाठी रडू नकोस गं. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपायला सांगतात कारण पोटाच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, डावी उजवी कुठलीही कूस चालते. झोपेत आपण वळतो त्यावर आपला ताबा नसतो, जाग आली की परत कुशीवर वळायचं, बस. आणि बाळाच्या हालचालीचं एवढं मनावर घेऊ नकोस, शेवटी शेवटी बाळाला जागा कमी पडते म्हणून ते कमी हलतं, माझंही दोन दिवसांपासून बरंच कमी झालंय.

उंबरठा:

दुसरीखेप, तुझं बाकी सगळं अगदी बरोबर आहे पण शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही. जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय आणि ते चुकीचं आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, ठोसे लाथा जाऊन लोळल्यासारखं, सरकल्यासारखं, कोपर फिरवल्यासारखं वाटायला लागतं, पण हालचाल कमी व्हायला नको, अगदी कळा सुरू होईपर्यंत. दोन दिवसांपासून कमी आहे असं तू स्वतः लिहिलंयस तर प्लीज सकाळ व्हायची वाट बघू नकोस, आत्ता हॉस्पिटलला फोन कर. मी घाबरवत नाहीये. बहुतेक वेळा सगळं ठीकच निघतं, पण ते ठीक आहे हे त्यांनी मशीन लावून सांगायला हवं.

मला ३६व्या आठवड्यात असंच झालं होतं. सकाळी जाणवलं, म्हटलं दुपारी बघू, दुपारी म्हटलं जेवल्यावर हलेल, संध्याकाळी म्हटलं आता सगळ्यांना कशाला धावपळ. रात्री नऊला शेवटी गेले. पोटाला दोन पट्टे बांधले, एक ठोक्यांचा एक कळांचा, वीस पंचवीस मिनिटं कागद सरकत राहिला आणि मी त्या रेषेकडे बघत होते. सगळं नॉर्मल निघालं. मी तिथल्या सिस्टरना सॉरी म्हणाले, उगाच आले म्हणून. त्या म्हणाल्या सॉरी कशाला, उद्या परत असं वाटलं तर उद्या परत ये. ते वाक्य मला अजून आठवतं कारण तोपर्यंत मला कोणी परत ये म्हटलंच नव्हतं.

कूसबदल, तुझ्यासाठी सांगते, दिवसभर धास्तीने मोजत बसू नकोस. आपल्या बाळाची वेळ ओळख, बऱ्याच बाळांची संध्याकाळनंतर गडबड सुरू होते. त्या वेळी डाव्या कुशीवर शांत पडायचं, मोबाइल बाजूला, आणि दहा हालचाली व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर फोन करायचा असं बरेच डॉक्टर सांगतात, तुझ्या डॉक्टरांचा नियम वेगळा असेल तर तो पाळ. बाळं आतही झोपतात, एका वेळी वीस ते चाळीस मिनिटं, त्यामुळे अर्धा तास शांतता असली तर लगेच धाबं दणाणायला नको. वार पुढे आहे म्हणून दबकं वाटतं हे खरं, पण तुला रोज जेवढं जाणवतं तेवढं रोज जाणवायला हवं, त्यात घट झाली तर वारेवर ढकलून सोडून देऊ नकोस. आणि घरी ठोके ऐकायचं मशीन कोणी देत असेल तर नको घेऊस, ठोके ऐकू आले की आपण निर्धास्त होऊन घरी बसतो आणि नुसते ठोके ऐकू येणं म्हणजे सगळं ठीक असं नसतं.

दुसरीखेप:

वाचलं. फोन केला, लगेच या म्हणालेत. पहिल्या वेळी मला हेच सांगितलं होतं गं म्हणून मी तेच पुढे सांगत बसले. निघते.

मोकळीहवा:

दुसरीखेप कळव नक्की.

कूसबदल, मला तुझा तो मधला प्रश्न महत्त्वाचा वाटतो, काय सोसायचं आणि कशाला फोन. माझं उदाहरण देते. ३५व्या आठवड्यात मला तळहात आणि तळपायाला खाज सुटायला लागली, रात्रीच जास्त. पुरळ नाही, लाली नाही, काही नाही. पोटाची कातडी ताणली की खाज येते हे माहीत होतं म्हणून मी तेल लावत राहिले, थंड पाण्यात पाय बुडवून बसायचे रात्री दोन वाजता, चादरीवर टाचा घासायचे. अशाच एका ग्रुपवर मी सहज लिहिलं की तुम्हाला कोणी चांगलं क्रीम माहीत आहे का, तर एकीने क्रीमचं नावच घेतलं नाही, तिने विचारलं तळव्यांना आहे का आणि रात्री वाढते का, मग उद्याच रक्त तपास, लिव्हरची आणि बाइल अ‍ॅसिडची टेस्ट करायला सांग. केली, आणि खरंच वाढलेलं निघालं. यकृतातून पित्त नीट पुढे सरकत नाही आणि ते रक्तात साठतं, फार वाढलं तर बाळाला धोका असतो. मग माझी दर आठवड्याला रक्त तपासणी झाली आणि ३७व्या आठवड्यात औषध देऊन कळा आणल्या. मुलगी आता दोन वर्षांची आहे. त्या बाईला मी कधी भेटले नाही, पण तिने तेव्हा होतंच असं म्हटलं असतं तर मी क्रीमच लावत बसले असते.

म्हणून मी माझ्यापुरता एक हिशोब ठेवला होता. जे विश्रांतीने, कूस बदलल्याने, पाणी प्यायल्याने कमी होतं ते इथे मैत्रिणींना विचारायचं. पण डोकं असं दुखतंय की थांबतच नाही, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक, उजवीकडे बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, यातलं काहीही असेल तर इथे लिहायचं पण नाही, सरळ फोन, कारण ते बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं आणि मागच्या तपासणीत बीपी चांगलं होतं याला काही अर्थ नसतो. घरी मशीन असेल तर १४०/९० किंवा वर आलं की त्याच दिवशी कळवायचं. रक्त जाणं, पाणी जाणं, त्यातही पाणी हिरवट तपकिरी असेल तर त्याच पावली निघायचं. आणि पायावरची सूज जी संध्याकाळी येते आणि सकाळी उतरते ती बहुतेकींना असते, तिला एवढं घाबरू नकोस.

बाबाहोणार:

मी इथे पहिल्यांदा लिहितोय, बायकोला ३५वा आठवडा चालू आहे, तिने हा धागा मला वाचायला दिला. कूसबदल ताई, ते होतंच असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. मला वाटायचं असं म्हटलं की तिला धीर येईल. तिने एकदा मला सांगितलं की तू असं म्हणालास की मला वाटतं आता पुढचं बोलू नको. तेव्हापासून मी फक्त विचारतो की तुला आत्ता ऐकणारा हवाय की काही करणारा हवाय. करण्यासारखं असलं तर रात्री तिच्या पाठीमागे उशी सरकवून देतो, गोळा आला की टाच धरून पाय दाबतो. आणि तपासणीला मी आत जातो, तिचे प्रश्न माझ्या मोबाइलवर लिहिलेले असतात, ती विसरली तर मी वाचतो. तुमच्या मिस्टरांना उठवा ताई, रात्री पावणेतीनला सुद्धा उठवा. मला उठवलेलं आवडतं.

दोनओळी:

हे वाचून फार बरं वाटलं. मी भीतीबद्दल लिहिते कारण अंगाचं सगळ्यांनी लिहिलंच आहे.

मला आठव्या महिन्यात मरणाचे विचार यायचे. म्हणजे स्वतःला काही करायचे नाहीत, पण मी टेबलावर आहे आणि काहीतरी बिनसलंय असं चित्र डोळ्यांपुढे यायचं, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कधीही. मी कोणाला बोलले नाही कारण असं अभद्र बोलायचं नसतं असं वाटायचं. शेवटी एका तपासणीला डॉक्टरांनी सहज विचारलं झोप कशी आहे आणि मी तिथेच रडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, समुपदेशकाचं नाव दिलं, मी पाच सहा वेळा गेले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात गरोदर बायकांपैकी साधारण १०% जणींना मानसिक आजाराचा त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशन. दहात एक गं! वेटिंग रूममध्ये आपण दहा जणी बसलेल्या असतो आणि प्रत्येकीला वाटतं आपलीच एकटीची डोकेफोड चालू आहे. तर तुझी काळजी येते जाते अशी असेल तर बोलून हलकी होईल, पण दोन आठवडे सलग मन लागत नसेल, बाथरूमला जायचं नसतानाही झोप येत नसेल, रडू थांबत नसेल तर ते बीपीइतकंच तपासणीत सांगायचं. आणि स्वतःला काही करावंसं वाटलं तर त्याच क्षणी कोणाला तरी उठव.

मला समुपदेशनाइतकाच आधार कशाचा झाला सांगू, आम्ही चौघी होतो, सगळ्यांची तारीख एकाच महिन्यातली, आमचा एक छोटा ग्रुप होता. रात्री कोणीतरी नुसतं जागी? असं लिहायचं, आणि तिघींपैकी एकीचं तरी हो यायचंच. बऱ्याचदा पुढे काही बोलणं व्हायचंही नाही. एकदा मला ३८व्या आठवड्यात पोट दर वीस मिनिटांनी दगडासारखं कडक व्हायला लागलं, मी पिशवी उचलून दारात उभी, तर त्यातली एक म्हणाली थांब, एक ग्लास पाणी पी, कुशीवर पड आणि घड्याळ बघ, आणि हॉस्पिटलला फोन करून हेच सांग. पाणी प्यायले, पडले, वीसचे पस्तीस झाले, मग थांबलं. खोट्या कळा होत्या. खऱ्या आल्या तेव्हा चालूनही थांबेनात, पडूनही थांबेनात, अंतर कमी कमी होत गेलं आणि मध्ये बोलताच येईना, तेव्हा कोणाला विचारावं लागलं नाही. तुला मात्र ३७ पूर्ण व्हायच्या आधी अशा नियमित कळा आल्या तर थांबून बघू नकोस, लगेच कळव.

आणि कळा सहन होतील का याबद्दल एकच, कळ लाटेसारखी येते, चढते आणि साधारण मिनिटभरात उतरते, मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, मला वाटायचं तासन् तास एकच सलग दुखणं असतं. दुखणं कमी करायचे काय पर्याय तुझ्या हॉस्पिटलमध्ये आहेत ते आत्ताच विचारून ठेव, त्या दिवशी विचारायला सुचत नाही. तारखेवर पण जीव टांगू नकोस, शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून ती काढतात, नेमक्या त्या दिवशी शंभरातली चार पाचच बाळं येतात.

तुला हवं तर मला मेसेज कर, माझं बाळ रात्री दोनला दूध पितं, मी जागीच असते.

पहिलीवहिली:

मी ३२ आठवडे, इतके दिवस नुसती वाचत होते. माझं बाळ पायाळू आहे म्हणाले परवाच्या सोनोग्राफीत, सगळ्यांनी घरी तोंडं पाडलीत. कोणाचं फिरलं का नंतर?

उंबरठा:

पहिलीवहिली, माझं ३३ला पायाळू होतं, ३५ला आपोआप फिरलेलं. ३२ म्हणजे भरपूर वेळ आहे, बहुतेक बाळं ३६व्या आठवड्यापर्यंत डोकं खाली करतात, दिवस भरताना पायाळू राहणारी शंभरात तीन चारच. नाहीच फिरलं तर ३६-३७ला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर पोटावरून हाताने फिरवून बघू शकतात, त्याबद्दल पुढच्या वेळी विचार. घरी कोणाला पोट चोळून फिरवू देऊ नकोस बाकी.

दुसरीखेप:

आले घरी. पट्टे लावले, ठोके छान, सोनोग्राफीत पाणी जरा कमी आहे म्हणाले, उद्या परत बोलावलंय आणि कदाचित याच आठवड्यात दाखल करतील. म्हणजे जाणं गरजेचं होतं. उंबरठा, तुला काय म्हणू. आत्ता फक्त झोपते.

कूसबदल:

चार दिवसांनी लिहितेय, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. बाबाहोणार यांचं वाचून तो बराच वेळ काही बोललाच नाही आणि त्या रात्री गजर लावून अडीचला उठला, मी जागी असेन म्हणून. मी नेमकी झोपले होते तेव्हा, सकाळी सांगितलं त्याने.

काल तपासणी होती. कागदावर सात प्रश्न लिहून नेले आणि बसल्या बसल्या म्हटलं मला आज पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागेल. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. जांघेत बोट ठेवून दाखवलं तर फिजिओला पाठवलं, तिने कंबरेला पट्टा कसा आणि किती खाली बांधायचा ते दाखवलं, मी आधी फारच वर बांधत होते. मनगटाचा पट्टा पण घेतला, आज ब्रश धरता आला. तळव्यांना खाज नाहीये, पण ते लक्षात ठेवलंय. बाळाचं डोकं खाली आहे. हालचालीबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या शंका आली तर रात्री कितीही वाजता फोन कर, आणि तो नंबर मी नवऱ्याच्या पण मोबाइलमध्ये टाकला.

बाळाची वेळ पण सापडली, साडेनऊ ते अकरा. डाव्या कुशीवर, गुडघ्यात उशी, दिवा बंद. काल दहा व्हायला अठरा मिनिटं लागली, सातवी इतकी जोरात होती की उशी हलली आणि नवऱ्यालाही दिसलं.

भीती गेली असं नाही म्हणणार, परवा पहाटे परत रडले. दोनओळीला जागी? एवढंच पाठवलं, तिचं लगेच हो आलं.

दुसरीखेप, तुझ्याकडून दोन दिवस काही नाही. दाखल केलं का? सवडीने, एका शब्दात कळव.